दसऱ्यानंतरचे गाव : स्थलांतर आणि आपला तालुका

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले.)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी कीर्तनकार नव्हे व प्राध्यापकही नव्हे. एस. एस. सी. पास होऊन तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. कागद लावणे, नोंदी घेणे, दाखले तयार करणे हा माझा रोजचा उद्योग. देवधर्माविषयी अधिकाराने बोलणारी मंडळी या मांडवात असताना मी त्या विषयात शिरत नाही. मला जे कळते ते नोंदवहीतले कळते, आणि नोंदवहीच्या आधारेच मी आपल्या पाटोदा तालुक्यातील स्थलांतर या विषयावर चार गोष्टी सांगणार आहे.

या जीर्णोद्धाराच्या पावत्या लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. पावतीपुस्तके चाळली म्हणजे एक गोष्ट सहज नजरेत भरते. वर्गणी वर्षभर सारखी आलेली नाही. एक भर दसऱ्याच्या आधी आहे, दुसरी पाडव्यानंतर आहे, आणि मधल्या महिन्यांची पाने जवळजवळ कोरी आहेत. याचा अर्थ आपणा सर्वांना ठाऊक आहे. दसऱ्याआधी मुकादमाची उचल हातात येते. पाडव्याच्या सुमारास कारखान्यांचे पट्टे पडतात व माणसे घरी येतात. मधल्या काळात गावात पैसा नसतो, कारण गावात माणूसच नसतो. या मंदिराचा दगड बालाघाटाचा असेल, पण तो बसविणारा पैसा नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर व कर्नाटकातील उसाच्या फडातून आलेला आहे. कोयत्यामागे वर्गणी ठरली आणि ती लोकांनी बिनतक्रार दिली, ही गोष्ट या स्मरणिकेत नोंदली जाणे मला योग्य वाटते.

हे जाणे-येणे सुरू का झाले? पुष्कळ लोक म्हणतात, आपल्या भागाला पाणी नाही. ते खरे आहे, पण अर्धे खरे आहे. आपला भाग पर्जन्यछायेचा आहे व डोंगरमाथ्याचा आहे. मांजरा नदी आपल्याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. परंतु तिचे पाणी अडते ते खाली केज तालुक्यात धनेगावच्या धरणात. त्याच्याही आधी, निजामाच्या राज्यात, १९३१ साली तिच्यावर निजामसागर पुरा झाला, तो तर दूर तेलंगणात. विंचरणा सौताड्याच्या कड्यावरून उडी घेते व जामखेडच्या बाजूला निघून जाते. आपल्या नद्या म्हणजे आपल्या लेकीच जणू. जन्म येथे, नांदणे दुसरीकडे. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण झाले, त्याचा कालवा गेवराई-माजलगावच्या सखल पट्ट्याला मिळाला. माथ्यावर राहणाऱ्या आपल्याला तो मिळणे शक्य नव्हते.

आता दुसरी बाजू पाहा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात, नीरा व प्रवरा नद्यांवर कालवे कधीच झाले होते. त्या पाण्यावर ऊस वाढला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. मग कारखान्यांची रांगच लागली. ऊस हे पीक असे आहे की, तोडल्यावर ते थांबत नाही. वेळेत गाळले नाही तर वजन घटते व उतारा पडतो. म्हणून थोड्या महिन्यांत, रात्रंदिवस, हजारो हात एकदम लागतात. बागायतदाराच्या गावात तितके हात नसतात व असले तरी ते या कामाला वाकत नाहीत. इकडे आपले खरिपाचे पीक दसऱ्या-दिवाळीपर्यंत निघते, आणि पुढे मृगापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याला काम नसते. त्यांच्याकडे काम ज्या महिन्यांत, आपल्याकडे रिकामपण नेमके त्याच महिन्यांत. असे दोन मुलूख एकमेकांत खुंटीत खुंटी बसावी तसे बसले. १९७२ च्या दुष्काळाने त्या खुंटीवर घण घातला व ती पक्की झाली.

म्हणून आपण मागासलेले आहोत म्हणून जातो, एवढेच म्हणून भागत नाही. पश्चिम महाराष्ट्राचा साखर धंदा आपल्या जाण्यावर उभा आहे. त्या साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते. पाटोदा, आष्टी, शिरूर, पाथर्डीचे नाव छापलेले नसते, इतकाच फरक.

स्थलांतर सर्वत्र एकसारखे नसते. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला. तो एकटा गेला, बायको-मुले घरी राहिली, आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर आली. त्याची खूण आजही जनगणनेत दिसते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि २००१ पेक्षा त्या जिल्ह्याची एकूण लोकसंख्या चक्क कमी झाली होती. आपले तसे नाही. आपल्याकडे नवरा-बायको जोडीने जातात, कारण एक तोडतो व दुसरी मोळी बांधते. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. शिवाय आपण कायमचे जात नाही, परत येतो.

आणखी एक मोठा फरक आहे, व माझ्या मते सर्व दुःखाचे मूळ त्यात आहे. कोकणची मनीऑर्डर काम झाल्यावर येत असे. आपली उचल काम होण्याआधी येते. म्हणजे त्यांच्याकडे जी मिळकत, ती आपल्याकडे कर्ज. त्या उचलीवर दसऱ्याचा बाजार भरतो, बैल घेतला जातो, लेकीचे लग्न ठरते, दवाखान्याची उधारी भागते. बाजारपेठेला वाटते तेजी आली. पण ती तेजी पुढच्या सहा महिन्यांच्या घामाची आगाऊ विक्री असते.

मी कारकून माणूस, म्हणून हिशेब मांडून दाखवितो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली व दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडला पाहिजे. चांगली जोडी दिवसाला दोन टन तोडते असे धरू. म्हणजे १३७ दिवस, एकही खाडा न करता, ताप आला तरी, पाळी असली तरी, लेकरू आजारी असले तरी. त्यात पंधरवड्याची खर्ची धरलेली नाही. आणि २०२४-२५ चा हंगाम कसा गेला? पुष्कळ कारखाने शंभर दिवसांच्या आतच बंद झाले. शंभर दिवसांत दोनशे टन, म्हणजे ७३ हजार २०० रुपये. राहिलेले २६ हजार ८०० अंगावर फिरले. ते पुढच्या वर्षीच्या उचलीत आधीच बसलेले असतात. यात कोणी एक मनुष्य लबाड असावाच लागतो असे नाही. हिशेबाची मांडणीच अशी आहे की, हंगाम आखूड झाला तर तोटा तोडणाऱ्याचा.

आता लोकसंख्येकडे वळू. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे जन्माचे किंवा आधीच्या वस्तीचे गाव सोडून दुसरीकडे राहणारे सुमारे ४५ कोटी लोक होते. त्यात सर्वांत मोठी संख्या लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांची. येथे बसलेल्या बहुतेक माता-भगिनी त्या आकड्यात आहेत. परंतु दसऱ्याला जाऊन पाडव्याला परतणारा माणूस त्या आकड्यात नीट सापडत नाही. कारण तो गाव सोडतही नाही व गावात राहतही नाही.

हे कसे, ते जनगणनेच्या नियमावरून सांगतो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. नियम असा होता की, जो या सर्व दिवसांत घरापासून दूर असेल त्याला घरच्या पत्त्यावर मोजावयाचे नाही. तो जेथे असेल तेथे मोजावयाचे. फेब्रुवारीत आपली माणसे कोठे असतात? फडात. रस्त्याच्या कडेला पाचटाच्या कोपीत. तेथे कोणी गेला असेल तर ती मोजली गेली, व ती सांगली-कोल्हापूरच्या आकड्यात पडली. गेला नसेल तर ती कोठेच पडली नाहीत. येत्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरलेला आहे. म्हणजे पुन्हा फेब्रुवारीच. आणि लोकसंख्येचा आकडा ही नुसती शोभेची गोष्ट नाही. ग्रामपंचायतीचा निधी, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, धान्याचा कोटा या सर्वांच्या मुळाशी तोच आकडा असतो. शाळेतही तेच. पट कमी झाला की शिक्षकाचे पद कमी होते, आणि मागे राहिलेल्या लेकराचाही शिक्षक जातो.

मतदानाचेही तसेच. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले, आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. यादीत नाव गावाचे, माणूस कारखान्यावर. हिवाळ्यातील ग्रामसभेत तर गावाचे निम्मे तोंडच नसते. रस्ता कोठून न्यावा, तलावातला गाळ कोणी काढावा, हे जे घरी असतात ते ठरवितात. पिढ्यानपिढ्या बाहेर राबून गावाला पैसा पुरविणाऱ्याला गावाच्या कारभारात जागा नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

त्या काळात गावात कोण उरते? म्हातारी माणसे व लहान मुले. मधले वय गेलेले असते. ज्या घरात आजी आहे तेथे पोरे राहतात. जेथे आजी नाही तेथे पोरे कोपीवर जातात, व थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. मुलगी वयात आली की आई-बापाला तिला मागे ठेवण्याचा धीर होत नाही, बरोबर नेण्याचाही होत नाही. मग लग्न लावून टाकतात. मुलाकडच्यांनाही घाई असते, कारण जोडी झाल्याशिवाय पूर्ण कोयता होत नाही व उचल पूर्ण मिळत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या जिल्ह्यातील विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी शंभरात चाळिसांहून अधिक जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. याला केवळ अडाणीपणा म्हणून हात झटकता येणार नाही. त्याच्यामागे कोयत्याचा हिशेब आहे.

मग उपाय काय? मोठे उपाय मोठ्यांनी करावयाचे आहेत. आपल्या शेजारी, नगर तालुक्यात, हिवरे बाजार गावाने पाणी अडविले, जास्त पाणी पिणारी पिके बंद केली, आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. ते उदाहरण आहेच, व आपणही पाणलोटाचे काम सोडता कामा नये. परंतु ते होईपर्यंत आपण दरवर्षी जाणार आहोत. तेव्हा मी आज एकच मागणे मागतो. जो जातो त्याची नोंद गावाने ठेवावी.

आपण म्हणाल, कारकुनाला नोंदीखेरीज दुसरे काय सुचणार! पण मागचा इतिहास पाहा. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, तेव्हा प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर चढले. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती, हा आकडा त्या मस्टरांतून निघाला. तो आकडा डोळ्यांसमोर होता म्हणून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला जोर आला, १९७७ साली कायदा झाला, आणि २००५ साली साऱ्या देशाने तशाच धर्तीचा कायदा केला. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न निघाला. शासनाच्या समितीसाठी सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली व त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. आकडा पुढे आला, आणि मग खासगी दवाखान्यांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असे ठरले. त्या भगिनींचे दुखणे तत्पूर्वी नव्हते काय? होते. मोजलेले नव्हते.

तिसरे उदाहरण माझ्या डोळ्यांदेखतचे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली व आपली माणसे कारखान्यांवर अडकली. एप्रिलमध्ये शासनाने त्यांना तपासणी करून घरी सोडण्याचे ठरविले. तेव्हा कारखान्यावार, गाववार याद्या झाल्या. राज्यात सव्वा लाखाहून अधिक माणसे त्या वेळी अडकलेली निघाली. आमच्या टेबलावर त्या याद्या आल्या तेव्हा त्यांत नाव, वय, गाव व बरोबरची मुले हे सारे रकाने भरलेले होते. जे काम वर्षानुवर्षे अवघड म्हणून राहिले होते ते साथीच्या भीतीने काही दिवसांत झाले. म्हणजे मोजणे अशक्य नव्हते. साथ ओसरली आणि याद्या कपाटात गेल्या.

बबनराव ढाकणे, गोपीनाथराव मुंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी ऊसतोड कामगारांचा प्रश्न राज्यापुढे मांडला. मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले, संत भगवानबाबांच्या नावाने मुलांसाठी वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. भगवानबाबांचा जन्म आपल्याच भागातील सुपे सावरगावचा, तेव्हा या योजनेविषयी आपल्याला विशेष जिव्हाळा असणारच. परंतु महामंडळ असो वा वसतिगृह, दाराशी गेल्यावर पहिला प्रश्न एकच विचारतात : तुम्ही ऊसतोड कामगार आहात याचा कागद कोठे आहे? ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, नोंद करून ओळखपत्र घेण्याची सोय आहे. ती आपण घेत नाही, कारण जाण्याच्या घाईत कागद कोणाला आठवतो?

म्हणून माझी सूचना अशी. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत, या नव्या सभामंडपात, रोज सायंकाळी आरतीनंतर एक तास नोंदवही उघडावी. रकाने थोडेच असावेत. जाणाऱ्याचे नाव, स्त्रीचे नाव वेगळ्या ओळीत, कारण अर्धा कोयता तिचा असतो, मात्र उचल घेताना तिचे नाव कोठेच लिहिले जात नाही. मुकादम कोण व कारखाना कोणता. उचल किती घेतली, मागील बाकी किती. मुले बरोबर जाणार की मागे राहणार. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे रोज डोकावणारा शेजारी कोण. तयार झालेली यादी ग्रामसभेपुढे ठेवावी व तिची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक मुख्याध्यापकांना, एक आशाताईंना द्यावी. हंगामी वसतिगृहाची मागणी याच यादीवरून वेळेत करता येईल. रेशनचे धान्य आता दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून मिळू शकते. ते जाणाऱ्याला त्याच वेळी समजावून सांगता येईल. पाडव्यानंतर वही पुन्हा उघडावी व एकच रकाना भरावा : बाकी फिटली की फिरली.

काही मंडळींना वाटेल, उचलीचा आकडा गावासमोर कशाला? लाज वाटते. त्यांनी हवे तर तो रकाना रिकामा ठेवावा. परंतु एक ध्यानात घ्यावे, आज तो आकडा फक्त मुकादमाच्या वहीत आहे. भांडण झाले तर पुरावा एकाच बाजूचा. मुकादमही आपल्याच गावचे असतात, त्यांच्यावरही कारखान्याच्या पैशाची जोखीम असते. दोन वह्या असल्या तर प्रामाणिक मुकादमाचेही रक्षणच होईल.

हे काम लवकर करण्याचे आणखी एक कारण आहे. ऊस तोडणाऱ्या यंत्राला २०२३ पासून सरकारी अनुदान मिळू लागले आहे. यंत्र वाढणार. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, व त्यांतील पुष्कळांना पुन्हा काम मिळालेच नाही. परंतु त्यांची नावे गिरण्यांच्या दप्तरात होती, म्हणून उशिरा का होईना, त्यांना घरे देण्याची गोष्ट तरी निघू शकली. उद्या यंत्राने आपला कोयता हातातून काढून घेतला, तर अमुक माणूस वीस वर्षे ऊस तोडत होता असे सांगणारा कागद कोणत्या दप्तरात सापडेल? कारखान्याच्या दप्तरात मुकादमाचे नाव आहे. आपले नाही.

या स्मरणिकेच्या मागील पानांवर देणगीदारांची नावे छापलेली आहेत. अकरा रुपये देणाऱ्याचे नाव गाळावयाचे नाही, असा समितीने कटाक्ष ठेवला. हा कटाक्ष मला फार मोलाचा वाटतो. तोच आपण जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत ठेवू या. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत आले. वही मी आणून देईन, रकाने आखून देईन, व नवरात्रात कचेरी सुटल्यावर रोज येऊन लिहीनही. दोन-चार शिकलेल्या मुला-मुलींनी मदतीला यावे, विशेषतः मुलींनी, म्हणजे बायकांना मोकळेपणी सांगता येईल.



जय हिंद! जय महाराष्ट्र!